तोटी कशी असावी?

वीस लिटर पाणी मावेल एवढें, कडी धरून उचलून नेतां येईल असें आणि बुडाशीं तोटी बसविलेलें पिंप आज शहरांतील पुष्कळ घरांत आढळतें. लग्नकार्यांत तें मांडवाच्या कोपऱ्यांत तिवईवर असतें, कचेरींत जिन्याखालीं असतें, आणि नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तींत तर स्वयंपाकघरांत त्याचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल असतो. या पिंपाच्या तोटीविषयीं आज मी बोलणार आहें. विषय क्षुल्लक आहे असें कित्येकांस वाटेल. परंतु मनुष्याच्या हाताचा मळ पिण्याच्या पाण्यांत जातो कीं नाहीं, याचा निकाल पुष्कळदां या चार बोटें लांबीच्या वस्तूवरच लागतो. म्हणून ती नीट समजून घेणें अवश्य आहे.

आपल्याकडे पिण्याचें पाणी माठांत, रांजणांत किंवा हंड्यांत भरून ठेवण्याची व तें ओगराळ्यानें काढून घेण्याची चाल होती. ओगराळें ही मोठी शहाणपणाची वस्तु. दांडा लांब असल्यामुळें हात पाण्याबाहेर राहतो. पण ओगराळें खुंटीवर सांपडलें नाहीं कीं, घाईंत असलेला मुलगा हातांतला पेलाच माठांत बुडवितो आणि पेल्याबरोबर त्याचीं चार बोटेंहि बुडतात. पटकी, हगवण, विषमज्वर यांचे जंतु नदी-विहिरींतूनच येतात असें नाहीं; शुद्ध करून घरांत भरून ठेवलेल्या पाण्यांतहि ते या बोटांच्या वाटेनें शिरतात. कलकत्त्याच्या दाट वस्तींत, पटकीचे रोगी निघालेल्या घरांतून यासंबंधीं एक प्रयोग झाला. कांहीं घरांना अरुंद मानेच्या मातीच्या सुरया दिल्या. त्यांत हात शिरत नाहीं. पाणी ओतूनच घ्यावें लागतें. सुरई न दिलेल्या घरांच्या मानानें या घरांतील इतर माणसांस पटकीचा संसर्ग पुष्कळच कमी झाल्याचें दिसून आलें, आणि त्याचा वृत्तान्त १९८६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. औषध नाहीं, यंत्र नाहीं. केवळ भांड्याची मान अरुंद!

सुरईंत दोष एवढाच कीं, ती मोठी करतां येत नाहीं. वीस लिटरची भरलेली सुरई कलती करून पेला भरणें हें काम घरांतल्या सत्तरीच्या आजीला झेपणार नाहीं. १९९१ सालीं पेरू देशांत पटकीची सांथ उद्भवली व ती दक्षिण अमेरिकेंत पसरली, त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांतील तज्ज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरगुती पाण्यासाठीं एक पिंप पुढें आणलें. तें सुमारें वीस लिटरचें. वर उचलण्यास कडी, घट्ट झांकण, खालीं तोटी, आणि तोंड असें कीं, त्यांतून पाणी भरतां यावें, पिंप घासतां यावें, पण पेला धरलेला हात आंत जाऊं नये. अशा पिंपाचें तोंड सहा ते नऊ सेंटिमीटर रुंद असावें, असें हे तज्ज्ञ सांगतात. सुरईच्या मानेचें काम येथें तोटीकडे आलें.

परंतु तोटी बसविली म्हणजे झालें, अशी जर कोणाची समजूत असेल तर त्यांनीं एका शाळेंतील हकीकत ऐकावी. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. स्नेहसंमेलनासाठीं तेथें चार नवीं कोरीं पिंपें आणलीं होतीं. तोंडें वीतभर रुंद. झांकणें आट्यांचीं, आंतून रबरी कडें बसविलेलीं, हवा शिरणार नाहीं अशीं घट्ट. दुकानदारानें तोच त्यांचा मोठा गुण म्हणून सांगितला होता! मधल्या सुटींत मुलांची रांग लागली. पहिल्या मुलाचा पेला अर्धा भरला, दुसऱ्याच्या वेळीं धार दोऱ्यासारखी बारीक झाली, आणि तिसऱ्याच्या वेळीं पिंपानें एक उचकी देऊन मौन धरलें. शिपायानें तोटी उलटसुलट फिरवून पाहिली, पिंपाला दोन थापा मारल्या, आणि अखेर सरळ झांकण काढून शेजारीं ठेवलें. धार लागली खरी. पण झांकण उघडें दिसतांच मागच्या मुलांनीं रांग मोडली आणि पांच मिनिटांच्या आंत सारे पेले वरून बुडूं लागले. शिपायाला मी दोष देत नाहीं. तहानलेलीं दोनशें मुलें पुढें उभीं असतां पदार्थविज्ञानाचा विचार करण्यास कोणाला सवड असते? दोष पिंपाची रचना करणाराचा. तोटी अडली म्हणून झांकण उघडलें, आणि झांकण उघडलें म्हणून हात आंत गेला.

त्या तोट्यांत बिघाड कांहींच नव्हता. पिंपांत हवा जाण्यास वाट नव्हती, एवढेंच. भांड्यांतून पाणी बाहेर पडतें तेव्हां त्याची जागा घेण्यास हवा आंत आली पाहिजे. हिशेब करून पाहूं. आपल्या सभोंवतींच्या हवेचा दाब सुमारें १०.३ मीटर, म्हणजे १०३० सेंटिमीटर, उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. पिंपांतील पाणी तोटीच्या वर ३० सेंटिमीटर आहे असें धरा. झांकण घट्ट असल्यास, पाणी उतरूं लागतांच त्यावरील कोंडलेली हवा विरळ होऊं लागते. तिचा दाब १०३० मध्यें ३० नें, म्हणजे शेंकडा सुमारें तीननें, कमी झाला कीं, बाहेरची हवा तोटीच्या तोंडाशीं पाण्याला तोलून धरते आणि धार थांबते. पिंप जवळजवळ भरलेलें असून वर एकच लिटर हवा असेल, तर ती शेंकडा तीननें फुगण्यास किती पाणी बाहेर जावें लागेल? तीस घनसेंटिमीटर, म्हणजे दोन मोठे चमचे! प्लॅस्टिकच्या भिंती थोड्या आंत दबतात म्हणून प्रत्यक्षांत अर्धा पेला पदरांत पडतो. पिंप निम्में झालें म्हणजे हवा दहा लिटर व पाण्याची उंची पंधरा सेंटिमीटर राहते. त्या वेळीं दीडशें घनसेंटिमीटर, चहाच्या कपाएवढें, पाणी येऊन धार खुंटते. पिंप भरलेलें असतांना तोटी हट्ट करते आणि रिकामें होत आलें कीं शहाण्यासारखी वागूं लागते, त्याचें कारण हें आहे.

यापुढें जें पाणी येतें तें हवेशीं झगडत येतें. तोटीचें भोंक पुरेसें मोठें असेल तर हवेचा बुडबुडा त्याच वाटेनें वर चढतो, तेवढा वेळ पाणी थांबतें, बुडबुडा गेला कीं पुन्हां येतें. आपण ज्याला बुडबुड आवाज म्हणतों तो या येण्याजाण्याचा आवाज. भोंक लहान असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावरील ताण त्याला पडद्याप्रमाणें झांकून टाकतो, बुडबुडा शिरूंच शकत नाहीं आणि धार अजिबात बंद होते. श्रोतेहो, ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं पाण्याच्या बाटलीच्या बुडाजवळ तापविलेल्या सुईनें एक भोंक पाडावें, बाटली भरून झांकण घट्ट लावावें व ती मोरींत उभी करावी. झांकण सैल करतांच धार उडेल, आवळतांच थांबेल. घरांतील बायकांना हें शास्त्र ठाऊक आहेच. तेलाचा पत्र्याचा डबा फोडतांना त्या एका कोपऱ्यांत भोंक पाडून थांबत नाहींत, समोरच्या कोपऱ्यांत दुसरें पाडतात. पहिलें भोंक तेलाचें, दुसरें हवेचें. ज्या कारखानदारांनीं हवाबंद झांकणाचीं पिंपें विकलीं त्यांनीं आपल्या घरच्या स्वयंपाकघरांत एकदां डोकावावयास हवें होतें.

हवेची अडचण दोन रीतींनीं टाळतां येते. एक म्हणजे तिला वाट द्यावी. दुसरी रीत अशी कीं, भांडेंच असें करावें कीं हवेची गरज पडूं नये. ही दुसरी रीत आपल्याकडील पखालवाल्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होती. पखाल कातड्याची, पाणी जाईल तशी ती मिटत जाते, आंत हवा जावी लागत नाहीं. याच तत्त्वावर अमेरिकेंत विल्यम शोल यानें १९५५ च्या सुमारास बॅटरींतील तेजाब नेण्यासाठीं खोक्यांत ठेवावयाची मऊ पिशवी काढली, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियांतील टॉमस अँगोव्ह या द्राक्षमद्याच्या व्यापाऱ्यानें १९६५ सालीं तिचें पेटंट मद्यासाठीं घेतलें. या दुसऱ्या पिशवीची गंमत ऐकण्यासारखी आहे. तिला आरंभीं तोटीच नव्हती! गिऱ्हाइकानें पिशवीचा कोपरा कापावा, हवें तेवढें ओतून घ्यावें आणि कोपरा चिमट्यानें दाबून ठेवावा, अशी व्यवस्था होती. १९६७ सालीं हवाबंद तोटी बसविलेली पिशवी निघाली आणि मगच ही युक्ति खरी उपयोगाची झाली. रुग्णालयांतहि हाच फरक पडलेला आहे. सलाईन कांचेच्या बाटलींतून देत, त्या काळीं बाटलींत हवा शिरण्याची सोय निराळी ठेवावी लागे. मऊ पिशवीला तिची गरज नाहीं, आणि बाहेरची हवा न लागल्यामुळें आंतील द्रव अधिक शुद्ध राहतो.

घरच्या पिंपाला मात्र हवेची वाटच द्यावी लागते, कारण तें ताठ असतें आणि पुनःपुन्हां धुवावयाचें असतें. ही वाट कशी द्यावी याचा उत्तम नमुना पाण्याच्या नव्हे, पेट्रोलच्या डब्यांत सांपडतो. जर्मन सैन्यासाठीं ग्र्युनफोगेल नांवाच्या इंजिनीयरनें १९३७ सालीं वीस लिटरचा एक डबा रचला. वर एकाऐवजीं तीन मुठी. त्यामुळें भरलेला डबा दोघांना मिळून धरतां येई आणि रिकामे डबे एका मनुष्याला दोन्ही हातांत दोन-दोन नेतां येत. तोंडाला आट्यांचें झांकण नसून एका झटक्यानें उघडणारी खिटी. आणि मुख्य गोष्ट ही कीं, ओतण्याच्या तोंडांतूनच एक बारीक नळी आंतल्या हवेच्या पोकळीपर्यंत गेलेली. पेट्रोल एका वाटेनें बाहेर, हवा दुसऱ्या वाटेनें आंत. उचकी नाहीं, सांडासांड नाहीं. इंग्रजांचे डबे त्या वेळीं चार गॅलनचे, पातळ पत्र्याचे असत. आपल्याकडील जुना रॉकेलचा डबा त्याच मापाचा. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत हे डबे इतके गळले कीं, शत्रूचे डबे हातीं लागतांच इंग्रज सैनिक ते जपून वापरूं लागले, आणि पुढें दोस्त राष्ट्रांनीं त्यांचीच नक्कल केली. जर्मनांना ते जेरी म्हणत, म्हणून डब्याचें नांव जेरीकॅन पडलें. या डब्याचा हिंदुस्थानशींहि थोडा संबंध आहे. १९३९ सालीं पॉल प्लाइस नांवाचा अमेरिकन इंजिनीयर एका जर्मन सोबत्यासह बर्लिनहून मोटारीनें हिंदुस्थानकडे निघाला, तेव्हां वाटेंत पिण्याचें पाणी ठेवण्यास त्यांनीं बर्लिनच्या विमानतळावरील साठ्यांतून असे तीन डबे घेतले होते. सोबती अर्ध्या वाटेवरून परतला. प्लाइस कलकत्त्यास पोंचला, आणि या डब्याची माहिती अमेरिकन सैन्याला पुढें त्यानेंच दिली.

पिण्याच्या पिंपाला इतकी कारागिरी नको. झांकणांत एक लहान छिद्र, त्यावर किडामुंगी व धूळ अडविणारी बारीक जाळी, आणि पिंप उचलून नेतांना तें बंद करण्यास एक गुडदी, एवढें पुरे. ज्यांच्या पिंपाला छिद्र नाहीं त्यांनीं झांकण न काढतां पाव फेरा सैल करावें. प्रवासांत पुन्हां आवळावें.

आतां प्रत्यक्ष तोटीकडे वळूं. सर्वांत जुनी तोटी म्हणजे आडव्या भोंकाची खुंटी. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांत अशा ब्राँझच्या तोट्या मिळाल्या आहेत. खुंटी पाव फेरा फिरविली कीं भोंक नळीच्या रेषेंत येतें व पाणी वाहतें. आणखी पाव फेऱ्यानें बंद. आपल्या तांब्याच्या बंबाची पितळी तोटी याच कुळांतली, फक्त तिची खुंटी निमुळती असते. ही खुंटी तिच्या घरांत घासून बसविलेली असल्यामुळें एकीची खुंटी दुसरीच्या घरांत बसत नाहीं, हें बंब दुरुस्त करणाऱ्या तांबटाला चांगलें माहीत असतें. दुसरी तोटी आट्यांची. दांडा फिरवून खालचा वायसर बैठकीवर दाबावयाचा. ही १८४५ सालीं इंग्लंडांत रॉदरहॅमच्या ओतकाम करणाऱ्या एका कारखान्यांतून निघाली आणि पुढें घरोघरीं नळाला लागली. नळाला ती ठीक आहे, कारण नळाचा दाब मोठा असतो. वीतभर उंचीच्या पाण्यासाठीं चार फेरे फिरवीत बसणें हा मात्र उगाच खटाटोप होय. तिसरी तोटी दाबण्याची: दाबली कीं उघडते, सोडली कीं स्प्रिंगनें आपोआप मिटते. हिची पूर्वज फार जुनी आहे. पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें देवळांतील तीर्थासाठीं एक पात्र वर्णिलें आहे. त्यांत नाणें टाकलें म्हणजे तें एका दांडीच्या टोंकावर पडे, दांडी कलून झडप उघडे, थोडें तीर्थ वाही, आणि नाणें घसरून खालीं पडतांच झडप मिटे. फुकट तीर्थ घेणारे भाविक त्या काळींहि असावेत!

शाळा, मांडव, दवाखाना अशा ठिकाणीं ही आपोआप मिटणारी तोटीच असावी असें माझें स्पष्ट मत आहे, कारण तेथें तोटी बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. घरांत सांधे दुखणारीं वृद्ध माणसें असतील तर पेल्याच्या कांठानेंच मागें ढकलतां येईल अशी दांडीची तोटी पाहावी. बोटांनीं चिमटून फिरवावयाच्या गोल तोटीनें त्यांना रडकुंडीस आणूं नये.

तोटी पिंपाला कोठें बसवावी, हा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. पिंपाचें बूड २५ सेंटिमीटर चौरस आहे व तोटी बुडापासून तीन सेंटिमीटर वर आहे असें धरा, म्हणजे तिच्या खालीं जवळजवळ दोन लिटर पाणी कायमचें अडकून राहतें. पाण्याच्या बाबतींत हें अगदींच वाईट नाहीं, गाळ तेथें बसतो. पण रोज कलतें करून तें ओतून टाकलें पाहिजे. शिवाय हें भांडें एका जागीं बसणारें नव्हे. तें मोटारींत आडवें पडतें, जिन्याच्या कठड्यावर आपटतें, आणि प्रत्येक वेळीं पहिला मार बसतो तो बाहेर आलेल्या नाकाला. म्हणून चांगल्या पिंपाच्या भिंतीला त्या ठिकाणीं आंत खोबण दिलेली असते आणि तोटी तिच्यांत लपून बसते. दुसरी युक्ति अशी कीं, तोटी झांकणालाच लावावी. नेतांना साधें झांकण, मुक्कामीं पोंचल्यावर तोटीचें झांकण चढवून पिंप आडवें ठेवावें. भिंतीशीं सांधा पक्का व्हावा म्हणून रबरी वायसर आंतून व बाहेरून असे दोन लागतात. माठाची भिंत गोल व खरबरीत असते, म्हणून तेथें ते जाड व मऊ हवेत. नाहीं तर भोंक पाडलेला माठ जन्मभर ठिबकत राहतो.

पाणी सोडून इतर द्रव पाहिले तर नियम बदलतात. टॉरिचेलीनें १६४४ सालीं छापलेल्या ग्रंथांत सांगितल्याप्रमाणें पाण्याच्या धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणें असतो; उंची चौथाईवर आली कीं वेग निम्म्यावर येतो. शेंगदाण्याचें तेल मात्र पाण्याहून साठ-सत्तर पट चिकट. तेथें प्वाझय या फ्रेंच डॉक्टरचा नियम लागूं पडतो: नळीचा व्यास दुप्पट केला तर प्रवाह सोळापट होतो. तेव्हां तेलाची तोटी जोर लावून नव्हे, भोंक रुंद करून सुधारते. मधाची गोष्ट याहून पुढची. मधपाळ आपल्या पिंपाला फिरती तोटी लावीतच नाहींत; दोन बोटें रुंद भोंकावर सरकती झडप असते, ती वर केली कीं मध एकसंध खालीं येतो, आणि खालीं केली कीं सुरीप्रमाणें धार कापते. खोबरेल तेल २४ अंशांच्या खालीं गोठूं लागतें, तेव्हां पुण्याच्या थंडींत त्याला कोणतीहि तोटी कामाची नाहीं. डबा उन्हांत ठेवणें हाच उपाय.

धातु व रबर यांचीहि निवड द्रव पाहून करावी. साध्या रबराचा वायसर तेलांत व रॉकेलांत फुगतो आणि तोटी अडते. ताक, लिंबाचें सरबत, कोकमचें आगळ असें आंबट पेय कल्हईखेरीज पितळी तोटींतून देऊं नये, तें कळकतें. कपडे व फरशी पांढरी करण्याच्या द्रवानें पितळ खराब होतें आणि पोलादी स्प्रिंग गंजते, म्हणून तेथें सर्वस्वीं प्लॅस्टिकची तोटी बरी. पेट्रोलच्या डब्याला घरांत तोटी लावण्याच्या फंदांत कोणींहि पडूं नये. एक थेंब ठिबकत राहिला तरी त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीनें पेट घेते.

विकत घेतेवेळीं दुकानदाराला पिंपांत पाणी भरावयास सांगावें. तो कुरकुर करील, करूं द्यावी. झांकण घट्ट लावून, हवेचें छिद्र असल्यास उघडून, तोटी सोडावी व लागोपाठ चार पेले भरून पाहावे. चौथा पेला पहिल्याइतकाच वेळांत भरला पाहिजे. मग तोटी मिटवून तिच्या तोंडाकडे पाहावें. कड बोथट व जाड असेल तर शेवटचा थेंब मागें वळून तोटीच्या पोटाखालून घरंगळतो आणि ओटा ओला करतो. कड पातळ व तिरकी कापलेली असेल तर थेंब तुटून पेल्यांत पडतो. शेवटीं विचारावें कीं, ही तोटी हातानें सोडवून धुतां येते काय? तोटीच्या आंतील नळींत पाणी रात्रंदिवस अडून राहतें आणि तेथेंच हिरवट बुळबुळीत थर धरतो. पिंप कितीहि घासलें तरी तेथें कुंचा पोंचत नाहीं. सुटी होणारी तोटी आठवड्यांतून एकदां काढावी, आंतून बाटली घासण्याच्या बारीक ब्रशनें घासावी, उकळत्या पाण्याचें तिला वावडें नसल्यास त्यांत बुडवून काढावी, आणि वायसर उलटा न बसवितां पुन्हां जागीं लावावी.